खाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून

यजमान निवृत्त होऊन कायमचे घरी आले तेव्हा पहिले काही महिने मला घरात पाहुणा उतरल्यासारखं वाटायचं. लग्न झाल्यापासून ते लोट्याच्या एका रासायनिक कारखान्यात आणि मी रत्नागिरीच्या शाळेत, भूगोल शिकवायला. त्यांची तिथे खोली, माझं इथे घर. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटेची गाडी धरून जायचे. आमचा सगळा संसार रविवारांचा. रविवारी माणसं एकमेकांशी चांगलीच वागतात. बाजारातून मासे आणतात, दुपारी झोपतात, संध्याकाळी समुद्रावर जाऊन येतात. भांडायलाही सवड नसते. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन ठाण्याला गेली, पाठोपाठ माझीही शाळा सुटली. पण एरवीच्या मंगळवारी सकाळी हा माणूस चहा पिऊन झाल्यावर काय करतो, हे मला ठाऊक नव्हतं. गंमत म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते खुर्चीत बसून राहायचे आणि कारखान्यात पाळी बदलायच्या वेळा आल्या की कारण नसताना उठून उभे राहायचे.

अशा दिवसांत त्यांनी विमान आणलं.

कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांनी दोन माणसांचं छोटं विमान घरच्या घरी बांधायला घेतलं होतं आणि वय झाल्यावर अर्ध्यावर सोडलं होतं. यांनी त्याबद्दल कुणाकडून तरी ऐकलं, दोनदा जाऊन पाहून आले, आणि एके दिवशी आंबा घाट उतरून एक टेम्पो आला. ताडपत्रीत गुंडाळलेला नळ्यांचा सांगाडा, लाकडी फासळ्यांचे दोन उघडे पंख आणि एका खोक्यात इंजिन. मी दारात उभी होते.

"अहो, हे ठेवणार कुठे?"

"तुझ्या सड्यावर," ते म्हणाले.

माझ्या माहेरची गावाबाहेर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, आंब्याची थोडी कलमं आहेत. तिथे आंबा भरायची पत्र्याची शेड आहे. हंगामाचे दोन-तीन महिने सोडले तर ती रिकामीच असते. बाग राखायला एक नेपाळी जोडपं राहतं. टेम्पोतून सामान उतरताना त्यातल्या बाईने ते पंख पाहिले आणि मला हळूच विचारलं, "दीदी, ये सच का है?"

"बनेगा तो सच का," मी म्हटलं. माझा स्वतःचा विश्वास तेवढाच होता.

पंखांना कापड लावायचं काम निघालं तेव्हा मी त्या शेडमध्ये पहिल्यांदा मुक्कामाला गेल्यासारखी गेले. तोपर्यंत मी डबा देऊन परत यायची. पंख त्याच्या लांब कडेवर उभा करून ठेवलेला असायचा, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. मेण लावलेला दोरा ओवलेली लांब सुई ते कापडातून आरपार माझ्याकडे ढकलायचे. मी ती ओढून घ्यायची, फासळीच्या पलीकडून परत त्यांच्याकडे ढकलायची. मध्ये पांढरं ताणलेलं कापड. एकमेकांचा चेहरा दिसायचा नाही, फक्त उन्हामुळे पडलेली सावली हलताना दिसायची. सुई कुठून बाहेर येणार म्हणून मी वाट पाहत बसायची, आणि कापडाला बारीक टोक आलं की बरं वाटायचं. त्या कापडाआडून आम्ही इतकं बोललो, जितकं समोरासमोर कधी बोललो नव्हतो. त्यांच्या आईबद्दल, माझ्या पहिल्या वर्गाबद्दल, आंजर्ल्याला देवळाच्या पायऱ्यांवर हरवलेल्या आमच्या मुलीला शोधल्याबद्दल. खिडकीतून कलमांच्या मोहोराचा वास यायचा. संध्याकाळ झालेली कळायची नाही.

अशी काही वर्षं गेली. मधल्या पावसाळ्यांत शेड बंद ठेवून आम्ही घरी बसायचो आणि ते वहीवर पेन्सिलीने चित्रं काढत राहायचे. कागदपत्रांचं आणि परवानग्यांचं काम आपल्या संथ गतीने चालू होतं. एका दिवाळीनंतर, सड्यावरचं गवत पिवळं पडून कडक झालं होतं तेव्हा, विमान शेडबाहेर ढकललं गेलं. इंजिन चालवून पाहायचं होतं. उडायचं नव्हतं, जागेवरच.

चाकांपुढे जांभ्या दगडाचे चिरे लावले. शेपटी मिरकरवाड्यातून आणलेल्या मासेमारीच्या जाड दोराने बांधली. दोराचं दुसरं टोक कातळात पुरलेल्या लोखंडी कडीत. दोर नवा होता, तरी त्याला बंदराचा वास होता. आजूबाजूचं गवत नेपाळ्याने कापून ठेवलं होतं, पाण्याची पिंपं भरली होती, आग विझवायची लाल नळकांडी माझ्या हातात. इंजिनावरचं पत्र्याचं झाकण यांनी मुद्दाम काढून ठेवलं होतं.

"उघडं ठेवलं की वारा लागेल, गार राहील," ते म्हणाले.

मलाही ते पटलं. आपण तापलेलं दूध उघडंच ठेवतो.

इंजिन पहिल्या झटक्यात नाही, पण तिसऱ्या-चौथ्याला लागलं. त्या आवाजाने कलमांवरचे पक्षी एकदम उठले. लाकडी पंखा फिरता फिरता दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी हवेचं एक फिकट वर्तुळ राहिलं. नेपाळीण तोंडावर पदर धरून हसत होती. मला वाटलं, झालं, चालू झालं. पण थोड्याच वेळात यांचा चेहरा बदलला. चार सिलिंडरच्या डोक्यांना उष्णता मोजणाऱ्या चार तारा आणि त्यांचे चार काटे बसायच्या जागेपुढच्या फळीवर. काटे चढत होते. त्यांतला एक तर भराभर चढत होता. त्यांनी इंजिन बंद केलं. गरम लोखंडाचा, करपलेल्या तेलाचा वास सुटला. मी जवळ गेले तर तोंडाला झळ लागली.

त्यांनी पुन्हा दुसऱ्या दिवशी चालवून पाहिलं, मग आणखी एकदा. दर वेळी तेच. थोडं चालायचं, तापायचं, बंद करावं लागायचं. तिसऱ्या वेळेनंतर ते घरी आले, आंघोळ केली आणि बोलेनासे झाले. विचारलं तर "हं" म्हणायचे. जेवणं गप्प. पुन्हा ते खुर्चीत, आणि पुन्हा पाळीच्या वेळेला उभे राहणं. मी घाबरले. विमानाची मला फारशी फिकीर नव्हती. कापडाआडचा तो बोलणारा माणूस परत लोट्याला निघून गेला, असं मला वाटलं.

एका संध्याकाळी मीच म्हटलं, "चला, सड्यावर जाऊन येऊ." ते चपला घालून आले. आम्ही कातळावर बसलो. खाली समुद्र, वर आभाळ, दोन्हींचा रंग एकच झालेला. मच्छीमारांच्या बोटी परत येत होत्या, आवाज ऐकू यायचा नाही, नुसत्या सरकत होत्या. मी विचारलं, "तुम्ही कारखान्यात नक्की काय करायचात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. देखभाल विभागात आहेत, एवढं मला माहीत होतं, आणि लोकांना सांगायला ते पुरायचं.

"पाणी गार करायचो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"यंत्रं तापतात. त्यांच्यातून पाणी फिरवतात. पाणी तापून बाहेर येतं, ते परत गार करायला लागतं. मोठे मनोरे असतात. वरून पाणी पडतं, खालून वारा जातो." मग म्हणाले, "रात्रपाळीला मी त्या मनोऱ्याखाली जाऊन बसायचो. आत सतत पाऊस पडल्यासारखा आवाज. बारीक तुषार तोंडावर यायचे. इथलं घर आठवायचं."

खाली बोटी एकेक करून बंदरात शिरल्या.

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तिथे वाऱ्याला दुसरी वाटच नसायची. सगळीकडून बंद. त्याला पाण्यातूनच जावं लागायचं."

एवढं बोलून त्यांनी समोरच्या समुद्राकडे पाहिलं. मग उठून उभे राहिले, आणि या वेळी ते पाळीची वेळ झाली म्हणून नव्हतं. "उद्या सकाळी धूप घेऊन ये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेडची दारं लावून घेतली. आंब्याच्या हंगामात वापरतो तो मोठा पंखा विमानाच्या नाकासमोर ठेवून बारीक गतीवर लावला. मी मातीच्या धुपाटण्यात निखारे आणि धूप घालून इंजिनापुढे धरून उभी राहिले. पत्र्याच्या छिद्रांतून उन्हाच्या सळया आत आल्या होत्या, त्यामुळे धूर स्पष्ट दिसत होता. तो सरळ इंजिनाकडे गेला आणि जवळ पोचताच दुभंगला. थोडा वरून गेला, थोडा खालून गेला. सिलिंडरच्या अंगावर स्कूटरच्या इंजिनाला असतात तशा पातळ चकत्या असतात, त्यांच्यामधून वारा गेला तर ते गार होणार. तिथे जवळजवळ काहीच जात नव्हतं. धूर त्या चकत्यांना शिवायचा आणि बाजूने निघून जायचा, गर्दीच्या दुकानात न शिरता पुढे जाणाऱ्या माणसासारखा.

"बघ," ते कुजबुजले. शेडमध्ये आमच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी आम्ही दोघं कुजबुजत होतो. "उघडं ठेवलं म्हणून तापतंय. त्याला कोंडायला पाहिजे."

आकाशात विमान पळत असतं, समोरून जोराचा वारा येतो, आणि झाकणाच्या आत तो वारा कोंडून चकत्यांमधूनच काढतात. जमिनीवर विमान उभं. पंखा फिरतो खरा, पण त्याचा जोर टोकांकडे, मुळाशी नुसती हालचाल. तेवढा वारा मोकळ्यावर सोडला तर पळून जाणारच. हे सगळं ते मला सांगत होते आणि हातांनी हवेत आकार काढत होते. मी धुपाटणं धरून उभी. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुरामुळेच होतं असं मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

मग पुठ्ठ्याचे दिवस आले. शेडमध्ये आंब्याच्या खोक्यांचा ढीग होता. ते खोके फाडून, कापून, आम्ही इंजिनाभोवती आडोसे बसवून पाहिले. एक कापायचा, लावायचा, धूर सोडायचा. धूर कुठल्या तरी फटीतून निसटायचा की तो काढून दुसरा. मला फटी लवकर दिसायला लागल्या. कोपऱ्याशी, तारा जातात तिथे, दोन पुठ्ठे भेटतात तिथे. पुठ्ठ्यावर छापलेले हिरव्या पानांचे पिवळे हापूस इंजिनाला सगळीकडून चिकटले होते, ते इंजिन फळांनी लगडल्यासारखं दिसायचं. पुठ्ठ्याचं सगळं जमलं तेव्हा त्यावरून त्यांनी पत्रा कापला, कडांना रबराच्या पट्ट्या लावल्या आणि समोर लाकडी तोंडाची एक रुंद पेटी केली. वाऱ्याने त्या तोंडातून आत शिरावं, चकत्यांमधून जावं आणि खालून बाहेर पडावं.

राहिला प्रश्न वाऱ्याचाच. ते माझं खातं होतं. इतकी वर्षं मी फळ्यावर बाण काढून मुलांना शिकवलं होतं. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे. रात्री उलटं, ते मतलई वारे. मुलं पाठ करायची आणि मी तपासायची. पण सड्यावर उभं राहून तो वारा अंगावर बदलताना मी कधी अनुभवला नव्हता. आता रोज सकाळी जाऊन बसायला लागले. माझी एक जुनी जांभळी ओढणी बांबूला बांधली. पहाटेच्या गारव्यात ती समुद्राकडे तोंड करून मंद हलायची. मग वारा पडायचा. ओढणी सरळ खाली लोंबायची, झाडं चित्रासारखी, आणि जग क्षणभर श्वास घ्यायला विसरल्यासारखं व्हायचं. तो वेळ मला फार आवडायला लागला. त्यानंतर खालून, पाण्यावरून काहीतरी निघायचं. आधी समुद्राचा रंग बदलायचा, लांबवर एक गडद पट्टा दिसायचा. मग कड्याखालच्या माडांच्या झावळ्या हलायच्या. मग ओढणीचं टोक उचललं जायचं आणि वळून डोंगराकडे जायचं. माझ्या गालावर गार, ओलसर हात लावल्यासारखं. दुपार व्हायच्या आत तो वारा चांगला भरायचा.

"तो आला की सुरू करायचं," मी त्यांना सांगितलं. "आणि नाक त्याच्याकडे."

"तुम्ही सांगाल तसं, बाई," ते म्हणाले. माझ्या विद्यार्थ्यांसारखे.

नाक समुद्राकडे वळवून नवी कडी कातळात पुरली. त्या दिवशी त्यांनी मला विमानात बसवलं. त्यांना बाहेरून, पंखाच्या मागे सुरक्षित उभं राहून इंजिन पाहायचं होतं. काटे वाचायला आणि दांडा पुढे-मागे करायला आत कुणीतरी हवं होतं. त्यांनी मला पुनःपुन्हा सांगितलं: हा दांडा मागे ओढला की इंजिन मंदावतं, ही काठी कायम पोटाशी धरून ठेव, मी हात आडवा केला की बंद. पट्टा बांधून त्यांनी तो दोनदा ओढून पाहिला.

"घाबरलीस?"

"नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

इंजिन लागलं. आधी मंद. पाठीच्या कण्यातून, दातांतून आवाज चढत गेला आणि मग आवाज राहिलाच नाही, एक प्रकारची शांतताच झाली. त्यांनी बोट वर केलं, मी दांडा थोडा पुढे सरकवला. काटे हलले, चढले, आणि एका जागी येऊन थांबले. मागच्या डाव्या सिलिंडरचा, जो दर वेळी पळायचा, तोही थोडा पुढे जाऊन थांबला. मी चार बोटं दाखवून अंगठा वर केला, म्हणजे चारही ठीक. त्यांनी पुन्हा बोट वर केलं.

समोर पंख्याचं ते फिकट वर्तुळ आणि वर्तुळातून दिसणारा समुद्र. पाण्यावरचं ऊन त्या वर्तुळात थरथरत होतं, तुटत होतं, जुळत होतं. एक बोट वर्तुळाच्या एका कडेने शिरली आणि हळूहळू दुसऱ्या कडेला गेली. मला काळाचं भान राहिलं नाही. मी फळ्यासमोर उभी आहे असं वाटलं, मग लहानपणी माडाच्या झुलत्या ओंडक्यावर बसले आहे असं वाटलं. इतक्यात वाऱ्याचा एक मोठा झोत आला. मागचा दोर कुरकुरला. शेपटी हातभर उचलली गेली, पंख दोन्हीकडून फुगल्यासारखे झाले, आणि बसल्या जागी माझं वजन कमी झालं. खरंच कमी झालं. चाकं कातळावर होती, चिरे जागेवर होते, पण विमान जमिनीशी फक्त नावाला टेकलं होतं. मी काठी पोटाशी घट्ट धरली, आणि मला मोठ्याने हसू आलं.

त्यांनी दोन्ही हात खाली दाबत इशारा केला. मी दांडा मागे घेतला. लगेच बंद करायचं नसतं, मंद चालवून आधी इंजिनाला निवू द्यायचं असतं. काटे हळूहळू उतरत गेले. मग त्यांनी हात आडवा केला आणि सगळं थांबलं. पंख्याची दोन पाती अचानक परत दिसायला लागली. कानांत वारा, कलमांची सळसळ, दूर कुठेतरी कुत्रं. इंजिन निवताना टिक टिक करत होतं.

ते जवळ आले, पेटीच्या आत हात घालून पाहिला. "गार आहे," म्हणाले. गार नव्हतंच, हात भाजेल इतकं होतं, त्यांनी हात झटकलाही. पण म्हणाले गार आहे. नेपाळिणीने चहा आणला. आम्ही चौघांनी तो पंखाखाली सावलीत बसून प्यायला.

पुढे बरंच झालं. परवानग्या आल्या, तपासणारे आले, विमानाचे पंख काढून ते घाटावरच्या एका धावपट्टीवर नेलं. तिथल्या एका अनुभवी वैमानिकांनी ते पहिल्यांदा हवेत नेलं. आम्ही गवतात उभे होतो. त्याची चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर निळं पडलं होतं. बऱ्याच उड्डाणांनंतर एकदा वैमानिकांनी यांना शेजारी बसवून वर नेलं. उतरल्यावर ते केस विस्कटलेले नुसते उभे राहिले, एखाद्या मुलासारखे. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, पुढच्या खेपेला. घाई नव्हती.

परतताना गाडी मी चालवली. आंबा घाटात धुकं उतरलं होतं, दिवे लावावे लागले. ते शेजारी झोपले होते, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर मोकळे. वळणावर समोरून ट्रक आला की मी हॉर्न द्यायची, पण अगदी हलका. साखरप्याच्या अलीकडे ते जागे झाले आणि म्हणाले, "भूक लागली." मी गाडी कडेला घेतली. टपरीवर गरम भजी निघत होती. रविवार नव्हता, बुधवार होता.